घर्षणविद्युत : नव्याने प्रयोग करणाऱ्यांसाठी
प्लास्टिकची पट्टी लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलताना, विद्युतभार केवळ घर्षणातूनच येतो असे समजू नका. नुसते टेकवून दूर केल्यानेही भाराची देवाणघेवाण होते, घासण्याने प्रामुख्याने प्रत्यक्ष टेकणारा पृष्ठभाग वाढतो. कोणता पदार्थ धन होतो आणि कोणता ऋण, याची क्रमवारी स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ योहान विल्के यांनी १७५७ मध्ये मांडली, परंतु तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये, कारण बोटांचा तेलकटपणाही निकाल उलटवू शकतो. भार इलेक्ट्रॉन वाहून नेतात, आयन (विद्युतभारित अणू किंवा रेणू) की पदार्थाचे सूक्ष्म कण, हा वाद अजून मिटलेला नाही. आणि हो, कोकणात असाल तर हिवाळ्यापर्यंत थांबा. जुलैतल्या दमट हवेत भार झिरपून जातो, माझे कपटे तर जागचे हललेसुद्धा नव्हते.