पावनखिंड अर्धीच सांगू नका

प्रश्न : मुलगा खडकवासल्याला एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) आहे, तिसऱ्या टर्मला. लहानपणी पावनखिंडीची गोष्ट रोज हवी असायची त्याला. परवा सुट्टीत घरी आला तेव्हा म्हणाला, आई, माघार आपल्या रक्तातच नाही. मला अभिमान वाटला आणि पोटात गोळाही आला. अशा गोष्टींनी सैनिक लढाईत खरंच तसा वागतो का हो? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, वागतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान आजही 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणत चाल करून जातात आणि त्या आवाजाने पाय पुढे पडतो हे अगदी खरंय. पण आपण घरात गोष्ट अर्धीच सांगतो ना, बाजीप्रभू कसे पडले तेवढीच. 1660 साली ते खिंडीत कशासाठी उभे राहिले? महाराज विशाळगडावर पोचून तोफांचा इशारा होईपर्यंत वेळ मिळावा म्हणून. आणि महाराज तर पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून निघाले होते, म्हणजे ज्या रात्रीचा आपल्याला एवढा अभिमान ती रात्रच मुळात वेळेवर घेतलेल्या माघारीची आहे! हे त्याला नक्की सांगा.

पुढे तो डेहराडूनला आयएमएत (लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत) जाईल, तिथे तेव्हाचे ब्रिटिश सरसेनापती चेटवूड यांचे 1932 मधले शब्द रोज डोळ्यासमोर असतात, आधी देश, मग हाताखालची माणसं, स्वतःची सुरक्षितता सगळ्यात शेवटी. त्यात स्वतःच्या मर्दुमकीला कुठेच जागा नाही बघा.

आणि मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं तर महाराजांचं 1673 चं पत्र आपण मुलांना वाचूनच दाखवत नाही. चिपळूणजवळ छावणी होती, महाराजांनी तिथल्या अधिकाऱ्यांना लिहिलं की दाणा, वैरण, भाजी जे लागेल ते बाजारातून विकत आणा, रयतेला त्रास दिलात तर लोकांना मोगल बरे वाटतील. आपले मावळे शूर आहेत, ते चुकणारच नाहीत, असं त्यांनी गृहीत धरलं नाही, उपाशी शिपाई कुणब्याच्या घरात हात घालणार हे ओळखून आधी पैशाची सोय केली आणि मग ताकीद दिली. माणूस रणांगणात सावरतो तो अशा शिस्तीने, नुसत्या गोष्टीने नाही.

छापील मिळतं ते पत्र. दोघं मिळून वाचा, भाषा जुनी आहे पण कळते, रात्री दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल इथपर्यंत काळजी केलीय त्यात.