तबल्यावरची मात्रा, सहाणेवरची मात्रा

यावेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच शब्दाभोवती फिरताहेत, म्हणून ती एकत्रच घेतलीयेत.

प्रश्न: माझा मुलगा तिसरीत आहे आणि तबल्याच्या क्लासला जातो. सर म्हणतात त्रितालाच्या मात्रा सोळा. शाळेत बाई सांगतात अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ म्हणजे मात्रा. आणि घरी सासूबाईंच्या तोंडी मात्रा म्हणजे मधात उगाळून चाटवायचं औषध. परवा त्याने विचारलं, आई या तिन्ही वेगवेगळ्या आहेत का गं? मला उत्तर देता आलं नाही. (एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, शब्द एकच आहे, आणि मुलाला तो समजवायचा असेल तर वही नको, त्याला मांडी घालून बसवा. योगतत्त्वोपनिषदात मात्रा कशी मोजायची ते दिलंय, हात गुडघ्याभोवती एकदा फिरवायचा, घाई नाही की रेंगाळणं नाही, आणि चुटकी वाजवायची, तेवढा वेळ म्हणजे एक मात्रा. श्वास १६ मात्रा आत घ्यायचा, ६४ मात्रा रोखायचा, ३२ मात्रांत सोडायचा असा तिथला हिशोब आहे (हे मुलाला करायला लावू नका, नुसती चुटकी पुरे). घड्याळ नव्हतं तेव्हा माणसाने स्वतःच्या अंगानेच वेळ मोजला, आणि मला हे फार आवडतं की तो मोजताना बाहेरचं काहीच लागत नाही, गुडघा आपला आणि चुटकीही आपलीच.

संस्कृतात 'मा' हा धातू आहे, अर्थ मोजणं. प्रमाण, परिमाण, मापन हे सगळे त्याच घरातले, आणि मात्राही. म्हणजे मात्रा म्हणजे मोजून घेतलेला तुकडा. मग तो वेळेचा असेल, आवाजाचा असेल नाहीतर औषधाचा.

आवाजाचा तुकडा कसा मोजायचा हे पाणिनीय शिक्षेत, म्हणजे संस्कृत उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथात, चक्क प्राण्यांवरून सांगितलंय. चाष, म्हणजे आपला नीलपंख पक्षी, एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन आणि मुंगूस अर्धी. ऱ्हस्व स्वर एक मात्रेचा, दीर्घ दोन मात्रांचा, लांबून हाक मारताना आपण जो शेवटचा स्वर ताणतो तो प्लुत तीन मात्रांचा, आणि नुसतं व्यंजन अर्ध्या मात्रेचं. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी रानात उभं राहून किती लक्ष देऊन ऐकलं असेल हो! पावसाळ्यात मोर ओरडला तर मुलाला हे जरूर सांगा.

आता तबला. सरांच्या सोळा मात्रा म्हणजे वेळेचे सोळा सारखे तुकडे, धा धिं धिं धा पासून पुन्हा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येईपर्यंत. झपतालाच्या १०, एकतालाच्या १२, रूपकाच्या ७, दादऱ्याच्या ६. पण ही मात्रा सेकंदात ठरलेली नसते हे त्याला आत्ताच कळलं तर पुढे सोपं जाईल. द्रुत, म्हणजे जलद, लयीत एका सेकंदात कितीतरी मात्रा निघून जातात आणि विलंबित ख्यालात तोच एकताल इतका सावकाश चालतो की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पुरं व्हायला मिनिटभरही लागू शकतं, तिथे एकेका मात्रेच्या पोटात चार चार तुकडे पाडून तबलजी ती सांभाळतो. मात्रा छोटी असो की लांब, शेजारची मात्रा तेवढीच पाहिजे, एवढीच अट.

राहिली सासूबाईंची मात्रा. आयुर्वेदात मात्रा म्हणजे औषधाचं किंवा आहाराचं प्रमाण, किती द्यायचं ते. मराठीत मात्र गंमत झाली, प्रमाणाचं नाव औषधालाच चिकटलं, म्हणून हेमगर्भ मात्रा. माझ्या आजीकडे पितळेच्या छोट्या डबीत कापसात गुंडाळलेली होती, सहाणेवर किती वळसे द्यायचे ते वैद्यांनी सांगितलेलं असायचं आणि माणूस अगदी शेवटाकडे झुकला की ती डबी बाहेर यायची, त्यामुळे आम्हा पोरांना त्या डबीची भीतीच वाटायची. हेमगर्भात सोन्याबरोबर पारा, गंधक, तांबंही असतं, तेव्हा जुनी डबी घरात असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय कुणालाही, मुलाला तर अजिबातच, चाटवू नका. 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही', 'ही मात्रा बरोबर लागू पडली' असं आपण बोलतो ते याच मात्रेवरून, लागू पडतं ते औषधच ना. आणि २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालं तेव्हा पेपरात 'लसीची दुसरी मात्रा' छापून यायला लागलं तेव्हा हाच जुना अर्थ पुन्हा वापरात आला. बोलताना सगळे डोसच म्हणत होते, तरी मला छापलेला तो शब्द बघून बरं वाटायचं.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी व्हिडिओ बघून देवनागरी शिकतेय, त्यात 'आ की मात्रा', 'इ की मात्रा' असं म्हणतात. माझी आई फोनवर सांगते की हे चुकीचं आहे. खरं काय? (एक वाचक)

उत्तर: चूक कुणाचीच नाही, व्हिडिओ हिंदी आहे. हिंदीत स्वराच्या सगळ्याच खुणांना मात्रा म्हणतात. आपल्याकडे प्रत्येक खुणेला स्वतःचं नाव आहे, काना, वेलांटी, उकार, आणि मात्रा म्हणजे फक्त डोक्यावरची तिरकी रेघ. 'के'ला एक मात्रा, 'कै'ला दोन मात्रा, 'को'ला काना आणि एक मात्रा. बंगालीत तर अजून वेगळं, तिथे अक्षरांवरच्या आडव्या रेघेला, म्हणजे आपल्या शिरोरेषेला मात्रा म्हणतात. आणि जुन्या, विशेषतः जैन हस्तलिखितांमध्ये आपली ही 'ए'ची मात्रा डोक्यावर नाही तर अक्षराच्या आधी उभ्या रेघेसारखी काढलेली दिसते, तिला पडिमात्रा म्हणतात, बंगालीत 'ए'ची खूण आजही अक्षराच्या आधीच येते.

मुलीला लिपी हिंदी व्हिडिओवरून येऊ दे, काही बिघडत नाही, पण नावं आजीकडून शिकू दे. 'पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी' हे शब्द घरात कुणी उच्चारलेच नाहीत तर पुढे आजीने फोनवर स्पेलिंग सांगितलं की तिला काहीच कळणार नाही.

प्रश्न: मी गझल लिहायला शिकतोय. 'के' वर एकच मात्रा आहे तरी मोजताना दोन धरा म्हणतात. मग 'कै'च्या चार का नाहीत? (विद्यार्थी, लातूर)

उत्तर: तू डोळ्यांनी मोजतोयस, कानांनी मोज. लिहिण्यातली मात्रा ही रेघ आहे आणि छंदातली मात्रा हा वेळ आहे. के, कै, का, की, को सगळी दीर्घ, म्हणजे गुरू, प्रत्येकी दोन मात्रा. क, कि, कु लघू, एकेक मात्रा. पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या लघूवर आला की तो गुरू होतो, म्हणून 'पुस्तक' २+१+१. पण 'तुझ्या', 'तुम्ही' यात आघात येत नाही म्हणून तिथे 'तु' एकचीच राहते. इथेच नवीन लिहिणारे सगळ्यात जास्त चुकतात, तेव्हा शंका आली की शब्द मोठ्याने म्हणून बघ.

सरावाला ही जुनी ओळ घे: 'सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची'. सु (पुढे श्लो आहे म्हणून) २, श्लो २, क १, वा २, म १, ना २, चा २, झाल्या १२. दुसरा तुकडा तू मोज, १८ आल्या पाहिजेत. ही त्याच चालीची ओळ आहे जिच्यात मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) आयुष्यभर लिहिलं. मराठीत आपण तिला आर्या म्हणतो, शास्त्राप्रमाणे चार चरणांत १२-१८-१२-१८ मात्रा असल्या की ती गीती, संस्कृत आर्येचा शेवटचा चरण १५ मात्रांचा असतो. अठराच्या जागी सतरा आल्या तर 'प्रसि' जवळ परत बघ, तिथे 'सि' गुरू आहे.

प्रश्न: 'ती मात्र आली नाही' मधला मात्र याच घरातला का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: हो. मात्र म्हणजे तेवढंच, त्या मापाचंच. नाममात्र म्हणजे नावापुरतं, तिळमात्र म्हणजे तिळाएवढं. 'ती मात्र' म्हणताना आपण सगळ्यांतून तेवढी तिलाच मोजून बाजूला काढतो.