वाचकांचे प्रश्न : कर्करोगाशी लढणाऱ्या पेशी आणि त्यांच्यामागे लागलेली माणसे

प्रश्न : माझी मुलगी जीवशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे कर्करोगाच्या रोगप्रतिकारशास्त्रातच पीएच.डी. करायची, असे तिने ठरवले आहे. मी बँकेतून निवृत्त झालो असून मला या विषयातले काही कळत नाही. नातेवाईक म्हणतात, की नोबेल मिळाल्यापासून इम्युनोथेरपीची हवा आहे, ती पाच वर्षांत विरेल आणि तोवर मुलगी तिशीला येईल. या संशोधनात माणूस नेमके काय करतो आणि त्यात स्थैर्य आहे का? (एक पालक, मुलुंड)

उत्तर : इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणे, ही हवा असेल, तर ती सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वाहते आहे आणि त्यातला बहुतेक काळ ती कोणाच्या अंगाला लागलेली नाही. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये एका रुग्णाला जिवंत जंतू टोचले, कारण त्वचेचा तीव्र जंतुसंसर्ग झाल्यावर गाठ विरून गेलेल्या एका रुग्णाची जुनी नोंद त्यांच्या पाहण्यात आली होती. काही रुग्णांना गुण आला, काहींना आला नाही आणि असे का होते हे कोणालाच सांगता येईना. पुढे किरणोपचार आले, मग केमोथेरपी आली आणि कोलींची पद्धत मागे पडली.

नोबेलची गोष्टही आपल्या नातेवाइकांना वाटते तितकी झटपट नाही. जपानमध्ये क्योतो येथे तासुकू होंजो यांना पीडी-१ हे प्रथिन १९९२ मध्ये सापडले, तेव्हा ते पेशींच्या मृत्यूशी निगडित जनुके शोधत होते. हे प्रथिन म्हणजे टी-पेशींचा (रक्तातल्या राखणदार पांढऱ्या पेशींचा) ब्रेक आहे, हे उमगायला आणखी काही वर्षे जावी लागली. (ब्रेक म्हणजे काय, ते पुढच्या उत्तरात आले आहे.) अमेरिकेत बर्कले येथे जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ नावाचा दुसरा ब्रेक प्रतिपिंडाने रोखला, तेव्हा उंदरांच्या गाठी नाहीशा झाल्या. तो पहिला प्रयोग १९९४ च्या अखेरीस झाला आणि निकालावर विश्वास बसेना म्हणा किंवा धीर धरवेना म्हणा, नाताळच्या सुटीतच तो पुन्हा करण्यात आला. औषध कंपन्यांनी मात्र फारसा उत्साह दाखवला नाही. त्या प्रयोगातून निघालेल्या औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली आणि दोघांना नोबेल मिळाले ते २०१८ मध्ये. आपल्या मुलीने हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले तर बरे, कारण नोबेलच्या बातमीत मधली वर्षे येत नाहीत आणि संशोधकाचे आयुष्य त्या मधल्या वर्षांतच जाते.

मुंबईपुरते बोलायचे, तर मला नेहमी कमल रणदिवे आठवतात. त्यांचे एम.एस्सी.चे काम सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर होते. तिथून त्या परळला टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली आल्या, १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचपात्रात जगवण्याचे तंत्र शिकल्या आणि ते तंत्र घेऊन परत आल्या. खानोलकरांनी १९५२ मध्ये उभारलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांतील स्तनाचा कर्करोग, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध अनेक वर्षे तपासला. त्याच संस्थेचे आजचे रूप म्हणजे खारघरचे ॲक्ट्रेक, टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र. तिथे शुभदा चिपळूणकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या संदर्भात गॅमा-डेल्टा या टी-पेशींच्या एका प्रकारावर दीर्घकाळ काम केले. म्हणजे आपली मुलगी ज्या वाटेने जाऊ पाहते आहे, ती वाट मराठी बायकांनी आधीच मळवून ठेवलेली आहे.

आता ती दिवसभर काय करील ते सांगतो. सकाळी रुग्णालयातून संमतीपत्रासह रक्ताची किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीची नमुना-कुपी येईल. पेशी ताज्या असतानाच काम उरकायचे असल्याने, त्या दिवशी घरी लग्न असले तरी, तिला त्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या कराव्या लागतील. त्यांतल्या काही पेशी ३७ अंश सेल्सिअसला, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत वाढवल्या जातील, काही द्रव नायट्रोजनमध्ये गोठवल्या जातील, तर काहींना रंगीत खुणा चिकटवून फ्लो सायटोमीटर या यंत्रातून एकेक करून मोजले जाईल. मग संगणकासमोर बसून ठिपक्यांच्या ढगांकडे पाहत ठरवायचे, की या रुग्णाच्या टी-पेशी थकल्या आहेत की केवळ अडवल्या गेल्या आहेत. निम्म्याहून अधिक प्रयोग फसतात, असा माझा अनुभव आहे आणि फसण्याची कारणे नेहमीच शास्त्रीय असतात असेही नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या प्रयोगशाळेची वीज गेली, इन्क्युबेटर थंड पडले आणि माझ्या चार महिन्यांच्या पेशी मेल्या. द्रव नायट्रोजनला विजेची गरज नसते, म्हणून तेवढ्या टाकीतल्या वाचल्या. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी पेशी वाढवायला नव्हे, तर गोठवायला शिकवत असे.

स्थैर्याचा प्रश्न बँकेतल्या माणसाने विचारला आहे, तेव्हा हिशेब सांगायलाच हवा. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली किंवा संस्थेच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षेतून निवड झाली, तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये विद्यावेतन मिळते. घरभाडे भत्ता वेगळा. ॲक्ट्रेकची पीएच.डी. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेमार्फत मिळते आणि तिला पाच-सहा वर्षे लागतात. त्यानंतर बहुधा दोन-चार वर्षे पोस्ट-डॉक्टरल काम करावे लागते आणि कायमची जागा मिळेल याची हमी तेव्हाही कोणी देत नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. मात्र दहा वर्षांपूर्वी या शिक्षणाचा उपयोग महाविद्यालयात शिकवणे किंवा परदेशी जाणे एवढाच होता, तसे आता राहिलेले नाही. पवईच्या आयआयटीत विकसित झालेल्या आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रुग्णांवर तपासलेल्या कार-टी उपचाराची पहिली मात्रा जून २०२१ मध्ये ॲक्ट्रेकमध्ये दिली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना रक्ताच्या कर्करोगातील सीडी-१९ हे प्रथिन ओळखता यावे असे जनुक देऊन त्या परत सोडतात. प्रत्येक रुग्णाचे औषध वेगळे तयार करावे लागत असल्याने पेशी हाताळणारी, त्यांचा दर्जा तपासणारी प्रशिक्षित माणसे या कामाला सतत लागतात.

एकच सल्ला देतो. संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक पारखून घ्यावा आणि त्यासाठी त्यांच्याशी नव्हे, तर त्यांच्या शेवटच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलावे; प्रबंध किती वर्षांत झाला आणि प्रयोग फसल्यावर सर किंवा मॅडम काय म्हणाल्या, एवढे दोनच प्रश्न पुरेत. मुलुंडहून ठाण्याला जाऊन पनवेलची लोकल पकडली की खारघर येते, तेव्हा अर्ज भरण्याआधी तिने एक दिवस तिथे जाऊन यावे.

प्रश्न : माझ्या यजमानांना तोंडाचा कर्करोग आहे आणि तो शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवला आहे. शेजारीपाजारी सांगतात, की गुळवेलीचा काढा देऊन प्रतिकारशक्ती वाढवा, इम्युनोथेरपी म्हणजे तरी दुसरे काय! हे खरे आहे का? आणि ते महागडे इंजेक्शन आमच्यासारख्यांना परवडेल का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : हे खरे नाही, आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या शब्दप्रयोगाने जेवढा घोटाळा केला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल. चाळीच्या दारावरचा राखणदार परक्या माणसाला हटकतो. पण दुसऱ्या मजल्यावरचा जुना भाडेकरूच बिघडला, तर त्याला तो रोज नमस्कार करून आत सोडतो. कर्करोगाची पेशी ही अशी घरातलीच असते. शिवाय आपल्या शरीराने राखणदाराला आवरण्याची सोयही करून ठेवली आहे, नाहीतर तो सज्जन बिऱ्हाडकरूंनाही बडवील. टी-पेशीवरचे पीडी-१ ही तीच सोय, म्हणजे ब्रेक, आणि कर्करोगाच्या पुष्कळ पेशी नेमका तोच ब्रेक दाबून ठेवतात. निव्होलुमॅबसारखे इम्युनोथेरपीचे औषध राखणदाराला बदाम-खारीक खायला घालत नाही. ते ब्रेकवरचा पाय काढते. त्यामुळेच कधी टी-पेशी आतडे, थायरॉइड, यकृत किंवा फुप्फुसावरही उलटतात. उपचार चालू असताना जुलाब किंवा धाप लागली, तर ती किरकोळ समजू नये.

काढ्याबाबत एवढेच, की कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तो वाद आहेच. पण यकृतावर ताण येऊ शकेल असे उपचार चालू असताना, डॉक्टरांना न सांगता काढा देणे मला धोक्याचे वाटते.

खर्चाविषयी मात्र आपल्याला सांगण्याजोगी गोष्ट आहे आणि ती परळचीच आहे. निव्होलुमॅबची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके-मानेचा कर्करोग बळावलेल्या १५१ रुग्णांची चाचणी घेतली. त्यांतल्या निम्म्यांना कमी मात्रेच्या तोंडी औषधांचा तिहेरी उपचार दिला, आणि उरलेल्यांना त्याच उपचाराबरोबर दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम दिले. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ४३.४ टक्के होते. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे. निम्म्याहून अधिक रुग्ण तरीही वर्षाच्या आत गेले, हेही आपण त्याच आकड्यात वाचले पाहिजे. पण ज्यांना पूर्ण मात्रा कधीच परवडली नसती, त्यांच्यासाठी हा पर्याय खरा आहे. यजमानांच्या डॉक्टरांना ‘कमी मात्रेचे निव्होलुमॅब आम्हाला चालेल का’ असा थेट प्रश्न विचारावा. तो विचारण्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.

प्रश्न : वडिलांना मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजी देणार आहेत. ती तर क्षयाची लस! रुग्णालयाचा घोळ तर नाही ना? (एक वाचक, दादर)

उत्तर : घोळ नाही. गाठ स्नायूपर्यंत पोहोचली नसेल, तर ती दुर्बिणीतून काढून टाकल्यावर मूत्राशयात बीसीजी सोडण्याची पद्धत १९७६ पासून परिचित आहे. या क्षीण केलेल्या जिवंत जंतूंमुळे मूत्राशयाच्या अस्तरात प्रतिकारपेशी गोळा होतात आणि त्यांच्या तडाख्यात उरल्यासुरल्या कर्कपेशीही सापडतात. कोलींना जे साधायचे होते, त्याच्या अगदी जवळचे हे आहे. साधारणपणे आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे नळीवाटे औषध सोडतात आणि ते दोन तास आत धरून ठेवायला सांगतात. लघवीला जळजळ आणि एखादा दिवस कणकण येणे अपेक्षित आहे. पण ताप चढून उतरेनासा झाला, तर त्याच दिवशी रुग्णालयात कळवावे. औषधानंतरचे सहा तास वडिलांनी बसून लघवी करावी आणि दर वेळी शौचकुपात ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटांनी पाणी सोडावे, कारण बाहेर पडणारे जंतू जिवंत असतात.