जीडीपी वाढला म्हणजे विकास झाला असं म्हणता येतं का? नसेल तर विकास मोजायचा कशावर?

नाही म्हणता येत, आणि हे मी सांगली जिल्ह्यात राहून सांगतेय. वाळव्याचा ऊस, तासगावची द्राक्षं, सांगलीचं हळदीचं मार्केट, मिरजेत तर गल्लोगल्ली दवाखाने, पैशाकडं बघितलं तर आम्हाला मागास कोण म्हणणार. आणि ह्याच जिल्ह्यात 2001च्या जनगणनेत 0 ते 6 वयाच्या हजार मुलांमागं मुली होत्या 851, राज्याचा आकडा तेव्हा 913 होता. पैसा आला, घरात दोनच पोरं पुरेत असं झालं, त्यात एक तरी मुलगा पाहिजेच, हुंड्याची धास्ती, जमिनीला वारस, आणि सोनोग्राफी परवडायला लागली. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा 1994 पासून आहे तरी.

आता जीडीपीत, म्हणजे वर्षभरात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांच्या एकूण किमतीत, काय दिसतं? मशीन विकलं गेलं, तपासणीची फी भरली, सगळं जमा. जन्मालाच न आलेली पोरगी कुठंच वजा होत नाही, उलट डोकी कमी म्हणून दरडोई उत्पन्न थोडं वाढूनच दिसतं!! मला ह्याचा खरंच राग येतो.

1990 साली पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या मदतीनं मानव विकास निर्देशांक आणला, आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न ह्या तीन गोष्टींचा, तो जीडीपीपेक्षा कितीतरी बरा. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबीचा निर्देशांक मला त्याहून आवडतो, कारण त्यात पोषण, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पिण्याचं पाणी, बँक खातं असे 12 निकष घरागणिक बघतात, त्यामुळं आमच्याच जिल्ह्यातली जत आटपाडीकडची कोरडवाहू घरं वाळव्याच्या सरासरीत दडून जात नाहीत. भूतान तर 9 क्षेत्रं धरून लोकांचं समाधानही मोजतो.

पण हे सगळे जन्माला आलेल्यांनाच मोजतात. शेजारच्या साताऱ्यात 2011 मध्ये 'नकुशा', म्हणजे नको असलेली, असं नाव ठेवलेल्या दोनशेहून जास्त मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली. त्यातली जी शाळेत जात होती ती ह्या निर्देशांकांत हजेरीच्या रकान्यात पास, नाव काहीही असो.

म्हणून माझं मत, जिल्ह्याचा विकास बघायचा तर जन्माच्या वेळचं मुलामुलींचं प्रमाण तालुकावार, दरवर्षी, उत्पन्नाच्या आकड्याशेजारीच छापलं पाहिजे. त्यासाठी जनगणनेची वाट बघायला नको, जन्मनोंदणी ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत होतेच की.