मोबाईलवरील चाचणीत ‘ऑटिझमचा धोका अधिक’ असे आले. आता काय करावे?

प्रश्न : माझा नातू २२ महिन्यांचा आहे. हाक मारली तरी तो वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही आणि खेळण्यातली गाडी उलटी करून तिची चाकेच फिरवत बसतो. भाचीने पुण्याहून पाठवलेल्या एका ॲपमध्ये सुनेने प्रश्नांची उत्तरे भरली, तेव्हा ‘ऑटिझमचा धोका अधिक’ असा निकाल आला. त्याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते, म्हणून घरातले सगळे थांबा म्हणतात. या निकालावर विश्वास ठेवावा का? अशी तपासणी आमच्या अंगणवाडीत होऊ शकणार नाही का?
– एक आजी, खटाव तालुका, जि. सातारा

उत्तर : आजी, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता; यात मुलाचा इतरांशी होणारा संवाद आणि वागणे वेगळे असते. ॲपच्या या निकालाला निदान समजू नये, पण तो बाजूलाही सारू नये. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते आपण स्वतः टिपलेले. केवळ बोलण्यास उशीर होणारे मूल सहसा बोट दाखवून, नजरेला नजर देऊन आपले म्हणणे पोहोचवतेच. त्यामुळे वडिलांचे उदाहरण येथे लागू पडेलच असे नाही.

पालकांना प्रश्न विचारणाऱ्या चाचण्यांपैकी ‘एम-चॅट-आर’ ही १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची २० प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. दुसऱ्या प्रकारात टॅबलेटवर छोट्या चित्रफिती दाखवून मुलाची नजर, चेहऱ्यावरचे भाव आणि हाकेला मिळणारा प्रतिसाद कॅमेऱ्याने टिपला जातो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा अभ्यासात ४७५ मुले होती. ऑटिझम असलेल्या १०० मुलांमागे सुमारे ८८ मुले ओळखली गेली आणि नसलेल्या १०० मुलांमागे सुमारे ८१ मुले बरोबर वगळली गेली. हे आकडे चांगलेच आहेत, परंतु १०० मुलांमागे एकाला ऑटिझम आहे असे धरून हीच चाचणी १००० मुलांवर वापरली, तर खऱ्या १० पैकी ९ मुले सापडतील आणि त्यांच्याबरोबर ऑटिझम नसलेल्या सुमारे १९० मुलांच्या घरीही चिंतेचा निरोप जाईल. म्हणूनच अशा निकालानंतर तज्ज्ञांनी मुलाला प्रत्यक्ष पाहणे टाळता येत नाही.

अंगणवाडीबद्दलचा आपला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. बालविकासतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असताना पहिली चाळणी गावातच लागली पाहिजे. दिल्ली परिसरात ‘स्टार्ट’ नावाच्या टॅबलेट ॲपचा अभ्यास झाला, त्यात तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन २ ते ७ वर्षांच्या मुलांकडून फुगे फोडण्यासारखे खेळ करून घेतले आणि हे काम त्यांना जमले. मात्र चाळणीनंतर मुलाला पाठवायचे कुठे, हे ठरलेले नसेल तर नुसते टॅबलेट वाटून उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलांची तपासणी करते. आपण त्या फेरीची वाट पाहू नये. सेविकाताईंमार्फत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. सर्वप्रथम कानांची तपासणी करून घ्यावी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही. जाताना ॲपच्या निकालापेक्षा नातू एकटा खेळत असतानाचे आणि त्याला हाक मारतानाचे, मिनिटभराचे दोन व्हिडिओ सोबत न्यावेत. दवाखान्यात बुजलेले मूल एरवी कसे वागते, ते डॉक्टरांना त्यावरून कळते.

तारीख मिळेपर्यंत सुनेने रोज थोडा वेळ जमिनीवर त्याच्यासमोर बसावे, तो चाक फिरवत असेल तर आपणही फिरवावे, त्याच्या नजरेत येऊन एखादाच शब्द बोलावा आणि त्याच्या प्रतिसादासाठी थांबावे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांनी पालकांना अशाच धर्तीचे संवाद शिकवले, तेव्हा आईवडील आणि मूल यांच्यातील देवाणघेवाण सुधारल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. निदान काहीही निघाले तरी या खेळाने नातवाचे नुकसान होणार नाही, तेव्हा तो आजच सुरू करावा.