गंगापूर धरणाजवळच्या कॅम्पवर कॅम्परव्हॅनला वीज जोडण्याआधी काय तपासावं?

आधी अर्थिंग, बाकी सगळं नंतर. व्हॅन रबरी टायरांवर उभी असते. अर्थिंग नसताना आत बिघाड झाला, तर पत्रा करंट धरून बसतो आणि पावसाळी गवतावरून दार उघडणाऱ्याच्या अंगातून तो जमिनीत उतरतो. मुलं अनवाणी फिरत असतात, म्हणून कळकळीने सांगतोय.

टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे, एवढंच कळतं. कोरड्या हातांनी मल्टिमीटर लावा: फेज-न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ फारच कमी दिसलं तर जोडू नका, मालक कितीही म्हणू दे, "काही होत नाही दादा." आकडे बरोबर आले तरी अर्थिंग कमकुवत असू शकतं, त्यामुळे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागताच वीज तोडणारा स्विच, हवीच. तिचं टेस्ट बटण दाबून ती पडते का ते बघा.

सॉकेट काळवंडलेलं किंवा ढिलं असेल तर दुसरं मागा. जोडताना एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) बंद ठेवा, प्लग घट्ट बसवा, मग चालू करा. केबल रीळवरून पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. १६ अँपिअरच्या सॉकेटवर एसी आणि गिझर एकदम लावू नका.