तारण म्हणून दिलेला धनादेश आणि कोल्हापूरहून आलेली नोटीस

निपाणी तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे : "कोल्हापूरच्या एका परिचित व्यापाऱ्यांकडून मी दोन लाख रुपये हातउसने घेतले आणि तारण म्हणून माझ्या बचत खात्याचा, रक्कम व सही असलेला पण तारीख न घातलेला धनादेश त्यांना दिला. पुढे ५० हजार खात्यावरून आणि ३० हजार रोखीने परत केले. वाद झाल्यावर मी बँकेला सांगून धनादेश थांबवला. त्यांनी तारीख घालून तो पूर्ण दोन लाखांसाठी भरला, तो परत गेला आणि अकरा दिवसांपूर्वी मला वकिलांची नोटीस मिळाली. मी कर्नाटकात राहतो. कोल्हापूरच्या कोर्टात माझ्यावर खटला चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याच भरवशावर आपण दिवस घालवत असाल अशी मला भीती वाटते. होय, व्यापाऱ्यांचे खाते कोल्हापुरातील शाखेत असेल तर चालेल. धनादेशांना लागू असलेल्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, ज्याने धनादेश स्वतःच्या खात्यात वटवण्यासाठी भरला त्याचे खाते ज्या शाखेत आहे, त्या ठिकाणच्या न्यायालयाला खटला चालवण्याचा अधिकार असतो. आपले खाते निपाणीत आहे किंवा मध्ये राज्याची सीमा आहे, याने त्यात फरक पडत नाही. एवढे मात्र खरे, की आपल्या भागातील अनेकांना कोर्टाचे कन्नड कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतात, ती अडचण तिथे येणार नाही.

आता मुदतीकडे वळू. नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यास १५ दिवस मिळतात आणि ते उलटल्यावर एक महिन्याच्या आत समोरच्याला याच कायद्याच्या कलम १३८ खाली, म्हणजे धनादेश न वटल्याच्या गुन्ह्याबद्दल, तक्रार दाखल करता येते. आपल्या हाती चारच दिवस आहेत. नोटिशीचा लिफाफा जपून ठेवा आणि उत्तर या मुदतीतच स्पीड पोस्टाने पाठवा.

उत्तरात केवळ "धनादेश तारणासाठी होता" एवढेच लिहून भागणार नाही. सही आपली आहे हे मान्य झाले, की धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला होता असे कायदा कलम १३९ नुसार गृहीत धरतो आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी आपल्यावर येते. पैसे थांबवण्याची सूचना दिल्यानेही सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच स्पष्ट केले आहे. खाते बंद करून टाकणाऱ्यांचाही असाच गैरसमज असतो, म्हणून ते पाऊल कृपया उचलू नका.

आपल्या बाजूची खरी ताकद त्या ५० हजारांत आहे. धनादेश दिल्यानंतर आणि तो भरण्यापूर्वी काही रक्कम फेडली असेल, तर ती धनादेशावर नोंदवून उरलेल्या रकमेपुरताच तो वटवायला हवा. तसे न करता पूर्ण रकमेसाठी भरलेला धनादेश त्या दिवशीचे खरे देणे दाखवत नाही, म्हणून कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला आहे. मात्र समोरचे व्यापारी "ते पैसे व्याजाचे होते" किंवा "दुसऱ्या व्यवहाराचे होते" असे म्हणतील, याची तयारी ठेवा. पैसे पाठवताना लिहिलेला शेरा, त्या दिवसांतील मोबाइलवरचे संदेश, खात्याचा बँकेकडून प्रमाणित करून घेतलेला उतारा, हे सगळे आजच गोळा करा. रोखीच्या ३० हजारांची पावती नसेल, तर ते देताना कोण हजर होते याची आठवण करून ठेवा. बचावाचा मुख्य भार मात्र खात्यावरून गेलेल्या ५० हजारांवरच ठेवा.

माझा स्पष्ट सल्ला असा, की आपणास मान्य असलेले १ लाख २० हजार रुपये शक्य झाल्यास या चार दिवसांतच त्यांच्या खात्यावर पाठवा आणि उत्तरात त्या व्यवहाराचा क्रमांक व आधीच्या दोन्ही परतफेडींचा हिशेब द्या. आपण देणे बुडवू पाहत नाही हे त्यातून दिसेल, आणि दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकणाऱ्या प्रकरणात ते दिसणे फार मोलाचे आहे. रक्कम पाठवण्यापूर्वी उत्तराचा मसुदा कोल्हापुरात फौजदारी काम करणाऱ्या वकिलांना दाखवून घ्या.

तरीही समन्स आले, तर पहिल्या तारखेपासून हजर राहा. गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते, आणि निपाणीहून कोल्हापूरला जाणे हे अटक होऊन जाण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. तडजोड या गुन्ह्यात कोणत्याही टप्प्यावर करता येते. ती झाली, तर मूळ धनादेश परत घ्या, पूर्ण रक्कम मिळाल्याची सहीची पावती घ्या, आणि तो व्यापारी "धनादेश सापडत नाही" असे म्हणत असेल, तर धनादेशाचा क्रमांक घालून तो यापुढे वापरणार नसल्याचे त्यांच्याकडून लिहून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.